लायसन्स काढण्यापूर्वी : नावाचा, वयाचा आणि राहण्याचा पुरावा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला जो महापूर आला, त्याने आपल्या माढा तालुक्यातील नदीकाठच्या गावांची काय अवस्था केली हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. पिके गेली, जनावरे गेली, घरांत गाळ साचला. पाणी ओसरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी बँकेत आमच्या काउंटरवर जी माणसे येऊ लागली, त्यांच्या हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या असत आणि त्या पिशव्यांतून लगदा झालेली पासबुके व शाईचे ओघळ उतरलेले शाळेचे दाखले बाहेर निघत. काहींच्या हातांत तेवढेही नसे. त्यांतच एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण होता. टेंभुर्णीच्या औद्योगिक वसाहतीत पिकअप गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्याचे काम जवळजवळ ठरले होते. मालकाने पक्के लायसन्स दाखवण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली होती. गाडी त्याला उत्तम येत होती, पण लायसन्स काढलेले नव्हते, आणि ते काढण्यासाठी लागणारे सर्व कागद ज्या पत्र्याच्या पेटीत होते ती पेटीच वाहून गेली होती.

पुरामुळे याचे काम अडले अशीच आमची प्रथम समजूत झाली. त्याला मदत करायला बसलो तेव्हा निराळेच ध्यानात आले. रेशन दुकानात राहिलेली त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स मिळाली. शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत मिळाली. बँकेतील त्याचे खाते आम्ही संगणकावर काढले. तिन्ही ठिकाणी नाव वेगळे ! शाळेत पूर्ण नाव, आधारवर घरात हाक मारायचे नाव आणि बँकेत वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच. जन्मतारीख शाळेत १ जून, तर आधारवर १ जानेवारी. म्हणजे पूर आला नसता आणि पेटी जागेवर असती, तरी हा मुलगा अडलाच असता. बँकेतील चूक तर २०१४ साली जन-धन खात्यांची रीघ लागली होती तेव्हा आमच्याच हातून टंकली गेली होती. त्या दिवशी रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही, हे कबूल केले पाहिजे. या स्मरणिकेसाठी काही लिहा असा निरोप आला, तेव्हा कविता किंवा वैचारिक लेख लिहिण्यापेक्षा याच विषयावर लिहावे असे आम्ही ठरवले.

लायसन्स देणारे कार्यालय अर्जदाराला मुळात तीनच गोष्टी विचारते : तू कोण, तुझे वय काय आणि तू राहतोस कोठे. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे. त्या नियमांतील चौथ्या क्रमांकाच्या नियमात वय व पत्ता यांचा पुरावा म्हणून कोणते कागद चालतात ते दिले आहे. मतदार यादी, आयुर्विमा पॉलिसी, पासपोर्ट, सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नोकरीची पगारचिठ्ठी, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, तसेच वयाबद्दल सिव्हिल सर्जनच्या दर्जाहून कमी नसलेल्या डॉक्टरचे प्रमाणपत्र हे त्यांतील मुख्य. पुढे आधारही आले. मूळ यादीत रेशनकार्ड होते, ते नंतर वगळण्यात आले, म्हणून केवळ रेशनकार्डाच्या भरवशावर कोणी राहू नये. आयुर्विम्याची पॉलिसी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते हे पुष्कळांना ठाऊकच नसते. घरात एखादी जुनी पॉलिसी असेल तर तिच्यावरचा पत्ता पाहून ठेवावा.

याच नियमाच्या शेवटी एक महत्त्वाची तरतूद आहे. योग्य कारणामुळे वरीलपैकी एकही कागद देता येत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र वय व पत्त्याचा पुरावा म्हणून लायसन्स अधिकारी स्वीकारू शकतो. ‘स्वीकारू शकतो’ असे म्हटले आहे, ‘स्वीकारलेच पाहिजे’ असे नाही, हा फरक लक्षात घ्यावा. तरीही ज्याचे घर पुरात गेले त्याच्याजवळ योग्य कारण नाही असे कोण म्हणेल ? अशा वेळी प्रतिज्ञापत्रासोबत तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत जोडावी असा आमचा सल्ला आहे.

जातीचा दाखला मात्र या कामाला लागत नाही. आमच्याकडे विचारायला येणारी दहापैकी चार-पाच मुले जातीच्या दाखल्याची झेरॉक्स फाईलमध्ये सर्वांत वर लावून आणतात. कागद मागणाऱ्या प्रत्येक खिडकीवर तो मागितला जाणारच अशी आपल्या मनाची सवय झालेली आहे. लायसन्सच्या अर्जात वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, रक्तगट, शरीरावरील ओळखीची खूण हे रकाने आहेत. जातीचा रकाना नाही. आम्हाला तरी ही गोष्ट समाधानाची वाटते.

आता आधारविषयी. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. २०२१ पासून आधारच्या आधारे शिकाऊ, म्हणजे आपण ज्याला कच्चे म्हणतो ते लायसन्स घरबसल्या काढता येऊ लागले. ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकायचा, मोबाईलवर आलेला आकडा भरायचा, शुल्क भरायचे आणि तिथेच परीक्षा द्यायची. सोय मोठी आहे. पण या पद्धतीत नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो आधारमधून जसेच्या तसे उचलले जातात व त्यांत अर्जदाराला काही बदल करता येत नाही. आधारवर ‘बाळू’ असेल तर लायसन्सवरही ‘बाळू’च येणार, मग दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘बाळासाहेब’ का असेना. आमच्या ओळखीतली निम्मी मुले या घाईत फसली आहेत. लायसन्सवरील नाव किंवा तारीख मागाहून दुरुस्त करता येते, परंतु त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा पुरावा. आधारची ही वाट ऐच्छिक आहे. ज्याला ती नको असेल त्याने अर्ज भरून, कागद जोडून, प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन परीक्षा द्यावी.

जन्मतारखेचा घोळ आपल्या भागात घरोघरी आहे. मागच्या पिढीत मूल शाळेत घालायला नेले की गुरुजी विचारीत, कधीचा जन्म ? आई सांगे, सुगीच्या दिवसांतला, किंवा थोरलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचा. गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून लिहून मोकळे होत, कारण शाळा जूनमध्ये भरे आणि वयाचा हिशेब तिथे जुळे. एका घरात तीन भावांचे वाढदिवस १ जूनला, असे आम्ही पाहिले आहे. पुढे आधारची नोंदणी झाली तेव्हा ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांनी नुसते वय सांगितले आणि त्यांतील अनेकांच्या वाट्याला १ जानेवारी आली. खरी जन्मतारीख दोन्हीकडे नाही, ही गंमत वेगळीच !

पण लायसन्सच्या बाबतीत हे पाच महिने हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. गिअरची मोटारसायकल किंवा चारचाकी चालवायला अठरा वर्षे पूर्ण लागतात, आणि प्रवासी किंवा मालवाहू व्यवसायाच्या वाहनाला वीस. आधारप्रमाणे जानेवारीत अठरा पूर्ण झालेला मुलगा शाळेच्या दाखल्याप्रमाणे मे अखेरपर्यंत अज्ञान असतो. २०१९ च्या दुरुस्तीने अज्ञान मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. कोणती तारीख धरायची यावरून उद्या वाद निघाला तर ?

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. हरियाणातील एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात मृताचे वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे ४५ आणि आधारप्रमाणे ४७ येत होते. वयावर भरपाईचा गुणक ठरतो, म्हणून दोन वर्षांनी कुटुंबाच्या हाती येणाऱ्या रकमेत फरक पडत होता. न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी शाळेचा दाखला ग्राह्य धरला. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असे आधार प्राधिकरणानेही परिपत्रक काढून सांगितले आहे. म्हणून आम्ही सर्वांना सांगतो की दुरुस्ती करायची ती शाळेच्या नोंदीकडे पाहून करावी. आधी शाळेचा दाखला, त्याबरहुकूम आधार, मग बँक, मग लायसन्स. हा क्रम उलटा केला की एका चुकीवर दुसरी चढते. आधारवर नाव जन्मात दोन वेळा आणि जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. ती एक संधी चुकीच्या कागदावर खर्च करू नये. पत्ता बदलायला मात्र मर्यादा नाही.

शाळेच्या दाखल्यातच चूक असेल, किंवा नाव-आडनाव पूर्णपणे बदलायचे असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये बदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. हा अर्ज आता ऑनलाईन होतो. आपल्या काही घरांत आजोबांचे आडनाव एक आणि नातवाचे दुसरे असते. ज्यांनी समजून उमजून आडनाव बदलले त्यांनी राजपत्राची प्रत कायम जपून ठेवावी, कारण पुढच्या दोन पिढ्या ती मागितली जाते. नुसते स्पेलिंग वेगळे असेल तर इतका व्याप करण्याची गरज नसते, पण सर्वत्र एकच स्पेलिंग ठेवण्याची सवय लावून घ्यावी. कांबळे या एका आडनावाची रोमन लिपीतील तीन रूपे आम्ही एकाच कुटुंबाच्या पासबुकांत पाहिली आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट होतो. माहेरचे नाव, सासरचे नाव, त्यात शेवटी ‘बाई’ लावलेली किंवा न लावलेली. लग्नानंतरच्या नावाने लायसन्स काढायचे तर विवाह नोंदणीचा दाखला हा दोन नावांना जोडणारा कागद आहे. १९९८ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी आपल्या गावात ग्रामपंचायतीत होते. लग्नपत्रिका आणि फोटो कपाटात जपून ठेवणारी मंडळी नोंदणी मात्र करीत नाहीत. अलीकडे स्कूटी चालवून कुर्डुवाडीला कॉलेजला किंवा दवाखान्यात कामाला जाणाऱ्या आपल्या मुली-सुना वाढल्या आहेत. त्यांच्या लायसन्सचा विचार घरातल्या पुरुषांच्या आधी व्हावा असे आमचे मत आहे, कारण पुरुष कसेबसे निभावून नेतात आणि पोलिसाने अडवले की बाईला मात्र घरचे म्हणतात, आता गाडी नको.

पत्त्याचा पुरावा ही भूमिहीनांची मोठी अडचण. गावठाणात स्वतःच्या नावाचा घराचा उतारा नाही, वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहतो, खोलीमालक कागद देत नाही. अशांसाठी मतदार यादीतले नाव हा उत्तम आधार आहे. अठरा पूर्ण होताच ते घालून घ्यावे. पुण्याला पिंपरी-चिंचवडकडे कामाला गेलेल्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वी जिथे राहता त्याच हद्दीच्या कार्यालयात अर्ज करावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीने ज्या राज्यात आपण राहतो किंवा धंदा करतो, त्या राज्यातील कोणत्याही लायसन्स कार्यालयात अर्ज करता येतो. आपल्या जिल्ह्यात सोलापूर आणि अकलूज अशी दोन कार्यालये आहेत. म्हणजे गावच्या पत्त्याचे आधार असणाऱ्या मुलाला पुण्यातही परीक्षा देता येईल. फक्त पक्के लायसन्स पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर येते, हे ध्यानात असू द्यावे. ‘मु. पो. अमुक’ एवढाच पत्ता घातला की पाकीट परत जाते. वस्तीचे नाव, जवळची खूण आणि चालू मोबाईल क्रमांक लिहावा.

कायद्याने या देशात राहण्याचा हक्क आहे की नाही, असा चौथा प्रश्न आपल्याकडच्या सामान्य अर्जदाराला सहसा पडत नाही. आधार कायद्याच्या नवव्या कलमात तर स्पष्टच म्हटले आहे की आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. लायसन्सही नाही. ते गाडी चालवण्याची परवानगी देते, एवढेच. परदेशी मात्र हा प्रश्न पहिल्या खिडकीवरच येतो. अमेरिकेत २००५ साली ‘रिअल आयडी’ नावाचा कायदा झाला आणि तो पुष्कळदा लांबणीवर पडून ७ मे २०२५ पासून तेथील विमानतळांवर अंमलात आला. त्या प्रकारचे लायसन्स काढताना देशात कायदेशीर वास्तव्य असल्याचे कागद दाखवावे लागतात, आणि तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्याला लायसन्स मिळते तेही त्याच्या मुक्कामाच्या मुदतीपुरतेच. आपल्या समाजातून संगणकाच्या नोकरीवर तिकडे गेलेली मुले फोनवर सांगतात की व्हिसाचा कागद उशिरा आला तर गाडी घरासमोर उभी राहते. जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी येथील लायसन्सवर आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. पासपोर्ट व व्हिसा दाखवून तो येथेच मिळतो व एक वर्ष चालतो.

कोणी म्हणेल, गाडी येते ना, मग एवढा कागदांचा सोस कशाला ? लायसन्स नसलेला माणूस गाडीवर असताना अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करून घेऊ शकते. मालक गरीब असेल तर तो आयुष्यातून उठतो. म्हणून मालक आधी लायसन्स विचारतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. उलट एक बाजू ड्रायव्हरच्या फायद्याची झाली आहे. पूर्वी व्यवसायाच्या गाडीसाठी आठवी पासची अट होती, ती सप्टेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनाला हलक्या मोटारीचे साधे लायसन्स पुरते. पिकअप आणि छोटा टेम्पो त्यात बसतो.

आमच्या त्या तरुणाला हाच निर्णय उपयोगी पडला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर पाहून दाखल्याची दुसरी प्रत दिली होतीच. पुरात घरचे कागद जातात, शाळेचे रजिस्टर वरच्या कपाटात सुखरूप असते. त्या दाखल्यावरून आधारचे नाव व तारीख बदलून घेतली. बँकेतील स्पेलिंग आम्ही साहेबांची सही घेऊन स्वतः दुरुस्त केले. कच्चे लायसन्स निघाल्यावर तीस दिवस थांबावे लागते, त्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही, आणि कच्चे सहा महिनेच चालते. ही मुदत मालकाला समजावून सांगायला आम्ही टेंभुर्णीला गेलो. तो म्हणाला, भाऊसाहेब, मी पंधरा दिवस वाढवून देतो, त्याहून जास्त नाही. मुलाने चौदाव्या दिवशी पक्के लायसन्स मोबाईलवर उघडून दाखवले. पाकीट पोस्टाने यायचे होते, पण डिजिलॉकरमधील लायसन्स मूळ कागदाइतकेच वैध मानले जाते. ज्यांची लायसन्से पुरात गेली त्यांनीही आधी तेथे शोधून पाहावे, मग दुसऱ्या प्रतीचा अर्ज करावा. जुने हाताने लिहिलेले पुस्तक असेल तर ते तेथे सापडणार नाही. त्याची नोंद संगणकावर चढवून घेण्यासाठी कार्यालयात जावे लागेल.

चाळीस वर्षांवरील मंडळींना आणि व्यवसायाच्या लायसन्ससाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, बाकीच्यांना प्रकृतीबाबत स्वतःचे लेखी निवेदन पुरते. झेरॉक्सवर स्वतःची सही चालते, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी अर्धा दिवस घालवण्याचे कारण उरलेले नाही. एजंटाबद्दल विचाराल तर तो अर्ज भरून देतो, नाव दुरुस्त करून देत नाही.

बँकेतील आमचे निवृत्त सहकारी सांगत की पूर्वी खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही पुरे. २००२ साली रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची ओळख पटवण्याचे नियम घातल्यावर त्या सहीची जागा कागदाने घेतली. कागदाचा जाच आहे खरा. पण ज्याला गावात ओळखीची सही द्यायला कोणी पुढे येत नसे, त्याला विचारून पाहा, त्याला या कागदाचे मोल कळते. आज आमच्या काउंटरवर लायसन्स हाही एक मान्य ओळखपत्राचा कागद आहे, आणि त्यावर खाते उघडते.

लहान मुलांच्या आईबापांसाठी आणखी एक गोष्ट. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख सिद्ध करायला जन्माचा दाखला हाच एकमेव कागद राहील. शाळाप्रवेशाला, मतदार यादीला, पासपोर्टला तोच, आणि कायद्यात नाव घेऊन म्हटले आहे, वाहन परवान्यालाही तोच. गुरुजींची १ जून या मुलांच्या उपयोगी पडणार नाही. ही मुले २०४१ मध्ये अठरा वर्षांची होऊ लागतील. जन्मानंतर एकवीस दिवसांत नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. बारसे व्हायचे असेल तर नोंद नावाशिवाय करता येते, नाव मागाहून घालतात. बाळ सरकारी दवाखान्यात झाले असेल तर घरी नेण्यापूर्वी नोंद कुठल्या रजिस्टरात झाली ते विचारावे, घरी झाले असेल तर ग्रामसेवकाकडे जावे, आणि आईबापाचे नाव लिहिताना त्याच्या शेजारी उभे राहून एकेक अक्षर वाचून घ्यावे.